एमडी झाल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत जावे का?

प्रिय डॉक्टर,

सस्नेह नमस्कार. नाव न छापण्याची तुमची विनंती पाळून इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा आधी देते. तुमचे वय ३१. पॅथॉलॉजीत एमडी होऊन तीन वर्षे झाली असून सोलापुरातील एका खासगी लॅबमध्ये तुम्ही बायॉप्सी पाहता आणि रिपोर्टवर सही करता. यजमान अस्थिरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांचा गावात आत्ता कुठे जम बसू लागला आहे; मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या वर्षी २६ वर्षांच्या एका तरुणाच्या गुदाशयाच्या कर्करोगाची स्लाइड तुमच्यासमोर आली आणि तेव्हापासून पचनसंस्थेच्या कर्करोगांवर, तेही पेशींच्या पातळीवर, संशोधन करण्याचा विचार तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही. नेदरलँड्समधील पीएच.डी.चा अर्ज तुम्ही भरायला घेतला आहे. घरचे म्हणतात, ‘एमडी होऊन पुन्हा विद्यार्थी कशाला?’ तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: उशीर झाला आहे का, पेशीसंवर्धनाला, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याला, कधी हातही न लावलेल्या डॉक्टरला संशोधनसंस्था दारात उभे करतील का, आणि पॅथॉलॉजी कायमची सोडावी का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन्ही उत्तरे त्यावरच उभी आहेत. संशोधनात जरूर जा, पण पॅथॉलॉजी सोडू नका. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की, रोजचे सही करण्याचे काम म्हणजे हमाली आणि खरे विज्ञान पलीकडच्या इमारतीत चालते. पचनसंस्थेच्या कर्करोगांचा इतिहास मला तरी हे सांगत नाही.

तुमच्या लॅबच्या रॅकवर वॉर्थिन-स्टारी हे चांदीचे रंजक, म्हणजे ऊतकाला रंग देणारे द्रव्य, असेल किंवा शिकताना तरी तुम्ही ते वापरले असेल. त्यातले वॉर्थिन म्हणजे मिशिगन विद्यापीठातील पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन. १८९५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितले की, आपल्या घराण्यात बहुतेक सगळे जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि आपणही तशाच जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे मनाची भीती म्हणून झटकून टाकले नाही. त्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक वर्षे तिकडे कोणी फारसे फिरकले नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील ओमाहाचे डॉक्टर हेन्री लिंच यांनी अशाच आणखी दोन घराण्यांचा वृत्तांत छापला आणि मग वॉर्थिन यांचे जुने घराणेही पुन्हा शोधून काढले. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे म्हणणे त्या काळी बहुसंख्य तज्ज्ञांना पटत नव्हते आणि लिंच यांना निधीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आज आपण ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतो तो हाच.

पुढचा टप्पा मात्र डॉक्टरांनी गाठला नाही, आणि हे तुम्ही ध्यानात ठेवावे असे मला वाटते. डीएनएची नक्कल होताना अक्षरे चुकतात आणि त्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते, हे जीवाणूंवर आणि यीस्टवर काम करणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञांनी उलगडले; त्यांतील पॉल मॉड्रिक यांना त्यासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९३ मध्ये दोन प्रवाह एकत्र आले. लिंचच्या घराण्यांतील गाठींमध्ये डीएनएच्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची लांबी बिघडलेली दिसली, आणि यीस्टमध्ये दुरुस्तीची जनुके बिघडली की नेमके तसेच होते, हे जाणणारे लोक तेव्हा शेजारच्या खोलीत होते म्हणा ना. एमएसएच२ हे मानवी जनुक त्याच वर्षी हाती लागले. तुम्ही आज मोठ्या आतड्याच्या गाठीवर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या दुरुस्तीच्या प्रथिनांसाठी चार डाग, म्हणजे रंगाच्या चाचण्या, लावता आणि पेशींच्या केंद्रकात रंग चढला की नाही ते पाहून एका ओळीत निष्कर्ष लिहिता, ती ओळ इथून आली आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवले की, ही दुरुस्ती यंत्रणा बिघडलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांना सहा महिने डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध दिल्यावर सर्वच्या सर्व रुग्णांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाहीत. असे रुग्ण गुदाशयाच्या एकूण रुग्णांत पाच ते दहा टक्केच असतात, हे खरे. पण त्यांना ओळखायचे कोणी? त्या चार डागांवर सही करणाऱ्यानेच.

वॉर्थिन यांच्या रंजकाला आणखी एक कीर्ती लाभली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांनी त्याच रंजकाने जठराच्या बायॉप्सीतले वाकडे जीवाणू स्पष्ट पाहिले. जठरातल्या आम्लात जीवाणू तग धरत नाहीत, असे तेव्हा पुस्तकांत लिहिलेले होते. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे प्रशिक्षणार्थी डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत संवर्धनाच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या आणि त्यामुळेच जीवाणू वाढलेला दिसला. हेलिकोबॅक्टर पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. वॉरन यांच्याकडे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. रोजच्या बायॉप्सी होत्या, एक जुने रंजक होते आणि दिसले ते ‘कचरा असेल’ म्हणून सोडून न देण्याची सवय होती.

आता उशिराबद्दल. आपल्याच मातीतले उदाहरण देते. कमल रणदिवे पुण्याच्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत आणि मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती वनस्पतिशास्त्राकडे वळली आणि एमएस्सीला तिने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. लग्नानंतर मुंबईला आल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या आणि तेथील पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. तेव्हा त्या साधारण तुमच्याच वयाच्या होत्या. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिथे हेला पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी) पहिल्यांदा वाढल्या तिथे, त्यांनी पेशीसंवर्धन शिकून घेतले आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाबरोबर अन्ननलिकेचा कर्करोगही त्यांच्या अभ्यासात होता. सीताफळाकडून कर्करोगाकडे येताना त्यांनी जेवढे नवे शिकून घेतले, त्याच्या मानाने तुमच्यापुढचे अंतर कमी आहे, असे मी म्हणेन.

आणि त्यांचे गुरू खानोलकर यांचा एक शोधनिबंध मिळवून वाचा. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी भारतातील चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार नोंदवले: धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बसते त्या जागेचा, चुट्टा, म्हणजे जाडसर देशी चिरूट, ओढणाऱ्यांच्या टाळूचा आणि खैनी ठेवणाऱ्यांच्या ओठाचा. परदेशी पुस्तकात न सापडणारा प्रश्न आपल्या टेबलावर आलेल्या नमुन्यांतून उचलणे म्हणजे काय, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही कार्यशाळेतून कळणार नाही.

नेमका असा प्रश्न तुमच्या हाती आधीच आला आहे, आणि पत्रात तुम्ही तो दोन ओळींत उरकला आहे. त्या २६ वर्षांच्या तरुणाच्या गाठीत सिग्नेट रिंग पेशी होत्या, असे तुम्ही लिहिता. पेशीत श्लेष्मा साठत जातो, केंद्रक कडेला ढकलले जाऊन चपटे होते आणि पेशी ग्रंथी न बनवता सुट्यासुट्या ऊतकात घुसतात. पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगांत हा प्रकार साधारण एक टक्का असतो. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या मालिकांत, विशेषतः तरुण रुग्णांत, त्याचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आढळते. जठरातल्या अशाच कर्करोगाचे एक स्पष्टीकरण आपल्याला माहीत आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती आणि १९९८ मध्ये पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी त्याचे मूळ सीडीएच१ जनुकातील बिघाडात शोधले. हे जनुक ई-कॅढेरिन नावाचे प्रथिन बनवते आणि त्या प्रथिनामुळे शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून राहतात. धरून ठेवणारेच गेले की पेशी सुटतात आणि वरचे आवरण शाबूत दिसत असताना खाली पसरतात. म्हणून दुर्बिणीने तपासूनही पुष्कळदा काही सापडत नाही आणि असे जनुक वाहणाऱ्या कुटुंबीयांना धडधाकट असताना जठर काढून टाकण्याचा सल्ला द्यावा लागतो. गुदाशयातल्या सिग्नेट रिंगला मात्र हे स्पष्टीकरण जसेच्या तसे लागू पडत नाही. मग तिथे पेशी का सुटतात? माझ्या मते तुमचा विषय हा आहे. ‘कॅन्सरच्या मुळाशी जायचे आहे’ हे तुमचे वाक्य सुंदर आहे, पण त्यावर कोणी गाईड हो म्हणणार नाही. ‘चाळिशीच्या आतल्या गुदाशयाच्या सिग्नेट रिंग कर्करोगात पेशींची एकमेकींवरील पकड कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे सुटते’, असे विचारलेत तर ऐकणारा खुर्चीत पुढे सरकून बसेल.

ऑर्गनॉइडवरच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींपासून वाढवलेल्या इवल्या अवयवांवरच्या, ज्या व्याख्यानाने तुम्ही भारावल्याचे लिहिता त्याबद्दल थोडे सांगायला हवे. नेदरलँड्समधील युट्रेक्टचे हान्स क्लेव्हर्स हेही वैद्यकाचे पदवीधर. १९९७ मध्ये त्यांच्या आणि जॉन्स हॉपकिन्समधील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटांनी दाखवले की, मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत बिघडणारे एपीसी जनुक निकामी झाले की पेशीला वाढीचा हुकूम देणारी साखळी चालूच राहते. २००७ मध्ये आतड्याच्या अस्तरातील खळग्यांच्या, म्हणजे क्रिप्टच्या, तळाशी असलेल्या मूळपेशी एलजीआर५ या खुणेने ओळखता आल्या. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते ते याच पेशींमुळे. एपीसीचा बिघाड मूळपेशीत झाला तर गाठ वाढत राहते आणि वरच्या, लवकरच गळून पडणाऱ्या पेशींत झाला तर सहसा वाढत नाही, हे २००९ मध्ये उंदरांत दिसले. त्याच वर्षी तोशिरो सातो यांनी अशा एकाच पेशीपासून बशीत इवलेसे आतडे वाढवले. हे सातो पचनसंस्थेच्या विकारांचे डॉक्टर होते आणि जपानहून युट्रेक्टला शिकायला गेले होते. म्हणजे त्या प्रयोगशाळेला डॉक्टर नकोसे नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते.

तरीही नेदरलँड्सचा अर्ज आत्ता पाठवू नका. ऑर्गनॉइड हे साधन आहे आणि ते शिकता येते. पेशी ज्या जेलीसारख्या पदार्थात वाढवतात तो बर्फावर ठेवावा लागतो, पिपेटची टोकेसुद्धा गार करून घ्यावी लागतात, नाहीतर तो हातातच घट्ट होतो. वाढीची प्रथिने महाग असतात. आणि गुदाशयाचा तुकडा येतो तोच जीवाणूंनी भरलेला, त्यामुळे कितीतरी नमुने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गढूळ होऊन फेकून द्यावे लागतात. हे सगळे तुमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान मुली तुम्हाला शिकवतील, आणि ते मनापासून चालणार असेल तरच पुढे जा. एमडीचा मान त्या खोलीत उपयोगी पडत नाही. परंतु नमुन्यातला कोणता भाग गाठीचा, कोणता मृत ऊतकाचा आणि कोणता निरोगी अस्तराचा, हे तिथे तुमच्याइतके कोणालाच कळणार नाही. चुकीच्या जागेवरून घेतलेल्या तुकड्यातून वाढलेले ऑर्गनॉइड निरोगी आतड्याचे निघतात आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून येते वर्ष नोकरीत राहूनच वापरा. आधी आपल्या लॅबचे फॉर्मालिन, म्हणजे ऊतक टिकवणारे द्रव, पाहा. बफर न घातलेल्या फॉर्मालिनमध्ये, किंवा ठरल्या वेळेपेक्षा फार जास्त काळ, बुडून राहिलेल्या ऊतकाचे डीएनए तुकडे-तुकडे होते आणि मग त्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यावर, जनुकांची तपासणी होत नाही. दहा टक्के बफर्ड फॉर्मालिन, आणि सहा ते बहात्तर तासांच्या आत ऊतक पुढच्या प्रक्रियेला, एवढी शिस्त लावली तरी आज येणारे नमुने पाच वर्षांनी कामाचे ठरतील. शल्यचिकित्सकांना फोन करून नमुना शरीराबाहेर आल्याची आणि फॉर्मालिनमध्ये पडल्याची वेळ लिहायला सांगा. ते कुरकुर करतील, पण दोन महिन्यांत सवय होते. ग्रॉसिंग, म्हणजे आलेला नमुना कापून त्यातले तुकडे निवडण्याचे काम, स्वतः करा. निदान बारा लसीकाग्रंथी शोधल्याशिवाय नमुना सोडू नका, आणि गाठीची पुढे सरकणारी कड जिथे सुट्या पेशी दिसतात तिथून एक ब्लॉक जास्त घ्या. त्यानंतर चाळिशीच्या आतले जुने ब्लॉक काढून पुन्हा पाहता येतील, पण त्याआधी नोंदणीकृत नीती समितीची मंजुरी घ्या. ब्लॉक लॅबच्या कपाटात असला तरी तो रुग्णाचा आहे. उरलेल्या नमुन्यांसाठी संमतीतून सूट देण्याचा अधिकार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीला आहे, तुमच्या लॅबच्या मालकांना नाही.

संस्थांचे म्हणाल तर पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, खारघरला टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, जे रणदिवे-खानोलकरांच्या संस्थेचेच पुढचे रूप. तिथे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएच.डी. करता येते आणि रुग्ण, ऊतक व प्रयोगशाळा एकाच छताखाली मिळतात. वैद्यकीय पदवीधरांसाठी डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्ससारख्या संस्थांनी संशोधनाची वेगळी शिष्यवृत्ती ठेवलेली आहे. नियम बदलत असतात, तेव्हा चालू जाहिरात पाहूनच अर्ज करा. माझा कल खारघरकडे आहे. गाईड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा त्यांचे शेवटचे तीन विद्यार्थी आज कुठे आहेत ते पाहा, त्यांपैकी एकाला फोन करा आणि गाईड किती वेळा भेटतात एवढेच विचारा. बोलणे पक्के करताना आठवड्यातून निदान अर्धा दिवस रुग्णालयात रिपोर्टिंग करण्याची मुभा लेखी मागा. ती द्यायला जो तयार नसेल, तो तुम्हाला फक्त नमुने आणून देणारी व्यक्ती म्हणून घेत आहे असे समजा.

राहिला घरचा प्रश्न. घरच्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याला ‘विज्ञानाची सेवा’ हे उत्तर पुरणार नाही. शिष्यवृत्तीत आत्ताच्या पगारापेक्षा कमी पैसे मिळतील, पाच वर्षे जातील आणि सोलापूरहून पुण्याला किंवा खारघरला रोज ये-जा होणार नाही. यजमानांनी जम बसत आलेला व्यवसाय हलवावा, अशी अपेक्षा मी तुमच्या जागी असते तर ठेवली नसती. मुलगी तुमच्यासोबत राहणार की तिकडे, शाळा कुठे, शनिवार-रविवारचे काय, कर्जाचा हप्ता कोण भरणार, हे कागदावर मांडून दोघांनी बसून ठरवा आणि मगच मोठ्यांशी बोला. ‘पुन्हा विद्यार्थी कशाला’ असे विचारणारे लोक बहुधा ‘आमचे काय होणार’ असे विचारत असतात.

एक काम मात्र याच आठवड्यात करा, कारण ते तुमच्या पीएच.डी.साठी थांबू शकत नाही. त्या तरुणाच्या गाठीवर चारही डाग लावले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. लावले नसतील तर ब्लॉक काढून लावा. एखाद्या डागाचा रंग केंद्रकात चढलेला नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगा आणि त्याच्या भावंडांना व आईवडिलांना कर्करोग आनुवंशिकतेच्या बाह्यरुग्ण विभागात, उदाहरणार्थ टाटा मेमोरियलच्या, पाठवायला सांगा. लिंच सिंड्रोम निघाला तर त्यांची कोलोनोस्कोपी विशीत किंवा पंचविशीत सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते, आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी, वेळेवर काढले तर पुढचा कर्करोग टाळता येतो.

कळावे,
तुमची सदरलेखिका